तंबूला दोन दारं

१४ जुलै

विनोद येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता वाचनालयाचा सचिव. सचिव झाल्यापासून चालताना हात मागे बांधतो. म्हणाला, सर, यंदा गणपतीतलं एक व्याख्यान तुमचं, स्वातंत्र्यानंतर आपला देश जगात कसा उभा राहिला यावर बोला. फक्त अट एकच, मराठीतून.

अट ऐकून हसू आलं. घरी मराठी, बाजारात मराठी, शिव्या मराठी, पण शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला तो हिंदीतून. पांढुर्णा मध्य प्रदेशात पडलं त्याला कोण काय करणार. अमेरिका नको, रशिया नको, आमचं आम्ही बघू, या आपल्या धोरणाला मी वर्गात ‘गुटनिरपेक्ष’ म्हणायचो. मराठीत अलिप्त म्हणतात. दुपारभर तो शब्द तोंडात घोळवला. गुटनिरपेक्ष म्हटलं की नगरपालिकेची निवडणूक आठवते. अलिप्त म्हटलं की कमळाचं पान, पाण्यात असून कोरडं. व्याख्यानाचं नावच ठरवून टाकलं, ‘अलिप्त भारत’.

संध्याकाळी सौसरहून लेक मानसी आली. कळवलं नव्हतं. बस स्टँडपासून एकटीच बॅग उचलून चालत आली. चार दिवस राहते म्हणाली. जावईबापूंना दुकानातून सवड नसेल. बायको उर्मिला गेल्यापासून या घरात मी आणि माझी धाकटी बहीण विजयमाला, तीही नवरा गेलेली, असे दोघंच एकमेकांवर खेकसत राहतो. लेक आली की घराला आवाज येतो. विजूने न विचारता भरल्या वांग्याचा घाट घातला.

२१ जुलै

चार दिवसांचे आठ झाले. मला काय, बरंच आहे.

पावसाने दडी मारली आहे आणि उकाडा असा की बनियनसुद्धा जड होते. मानसी मात्र मनगटापर्यंत बाह्यांचे कुडते घालून फिरते. विचारलं तर म्हणाली डास चावतात. डास आहेतच. काल विजूच्या हातून पातेलं पडलं तेव्हा ती केवढी दचकली, भिंतीला जाऊन टेकली. लहानपणी अशी भित्री नव्हती. सौसरचं घर शांत असेल, आवाजाची सवय गेली असेल.

विजूने मला अंगणात गाठलं. ‘भाऊ, तू बाप आहे. पोट्टीले विचार तरी, काय झालं म्हणून.’

मी तिला पंचशील समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही, हे तत्त्व आपण जगाला दिलं. लेकीचा संसार हा तिचा अंतर्गत कारभार. सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. विजू म्हणाली, तुझं पंचशील फ्रेम करून देवघरात लाव, आणि कणीक मळायला निघून गेली. शिकली नाही फारशी, पण तोंड कोणाला ऐकत नाही.

रात्री जेवताना मानसीला कोरियाची गोष्ट पुन्हा सांगितली. व्याख्यानात घेणार आहे. लढाई थांबली, पण हजारो कैदी घरी परत जायला तयार नव्हते. त्यांची राखण करायला आपले सैनिक गेले, कारण दोन्ही बाजूंना चालेल असा देश आपलाच होता. एकेका कैद्याला तंबूत आणायचे. तंबूला दोन दारं. एक घरी जायचं, एक न जायचं. पण काही जण म्हणाले, आम्हाला यातलं कुठलंच दार नको. ऐंशीच्या वर माणसं होती तशी. त्यांना आपण बोटीत घालून हिंदुस्थानात आणलं.

ही गोष्ट मानसीला लहानपणी फार आवडायची. उर्मिलेची दोन लुगडी खाटेला बांधून तंबू करायची. मी अधिकारी, ती कैदी. ‘इकडे जाता की तिकडे?’ मी दरडावून विचारायचो. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, ‘मी कुठंच नाही जात, मी हिंदुस्थानात जातो,’ आणि धावत येऊन माझ्या मांडीवर बसायची. मी हिंदुस्थान. आज आठवण काढली तर नुसती हसली. मग विचारलं, ‘बाबा, त्यांनी मागितलं होतं का हिंदुस्थानात यायचं, की आपणच म्हटलं, चला?’ प्रश्न चांगला आहे. शोधून टिपून ठेवायला हवा.

२९ जुलै

दुपारी मानसी मेथी निवडत होती, मी पेपर वाचत होतो. खाली मान घालूनच म्हणाली, ‘बाबा, मले परत नाही जायचं तिथं.’

खरं सांगायचं तर मी हादरलो. पण मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. पेपरची नीट घडी केली आणि म्हटलं, बेटा, तू तीस वर्षांची आहेस, शिकलेली आहेस. निर्णय तुझा. मी तुझ्याही बाजूने बोलणार नाही आणि त्यांच्याही नाही. तू पूर्ण स्वतंत्र आहेस.

आमच्या वडिलांनी आम्हाला असं स्वातंत्र्य कधी दिलं नाही. ती मेथी निवडत राहिली. नंतर बघितलं तर काड्या पातेल्यात आणि पानं कागदावर. बहुतेक मोकळं वाटलं असेल तिला.

१० ऑगस्ट

आज बैठक झाली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे व्याही स्वतःच गाडी घेऊन आले. त्यांना सौसरात सगळे भैय्याजी म्हणतात. माणूस वजनदार, बोलणं लोण्यासारखं. सोबत जावई मंगेशराव आणि नात्यातले दोन बुजुर्ग. मंगेशराव तर रडलेच. म्हणाले, माझ्या तापट स्वभावाचं चुकलं असेल, पण हिच्याशिवाय घर खायला उठते. मोठा माणूस रडताना बघवत नाही.

मानसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बोल म्हटलं तर म्हणाली, ‘मी बाबाले सांगितलं आहे.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता आली का पंचाईत. मी काही सांगायला गेलो तर एका बाजूचा होतो. तिने सांगितलं होतं ते विश्वासाने, ते चारचौघांत उघडं करणंही बरं दिसत नाही. भैय्याजी म्हणाले, ‘मुकुंदराव, तुम्ही मास्तर माणूस. तुम्ही जे बोलसान ते आम्हाले मंजूर.’

मी घसा साफ केला आणि म्हटलं, ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’

एवढंच. कोणाचं नाव घेतलं नाही. बुजुर्गांनी माना डोलावल्या, भैय्याजी म्हणाले लाख बोलले. वातावरण एकदम निवळलं. ठरलं की मानसीने आजच निघावं, शुभस्य शीघ्रम. ती आतल्या खोलीत बॅग भरायला गेली.

बॅग भरायला तिने फार वेळ लावला. चहा झाला, पानं झाली, भैय्याजी दोनदा घड्याळाकडे बघून मोकळे झाले. मला ओशाळल्यासारखं झालं. खोलीचं दार उघडंच होतं. मी बैठकीतूनच आवाज दिला, ‘मानसी, आवर बेटा, लोकं थांबून राहिले.’

मग ती आली. पाया पडली, पण मान वर केली नाही. गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. विजू बाहेर आलीच नाही. सगळं सामोपचाराने झालं, कोणी दुखावलं गेलं नाही, याचं समाधान वाटायला हवं. वाटत का नाही कळत नाही. जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट

पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमार, आमची दगडफेकीची जत्रा. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगड. दिवसभर ॲम्ब्युलन्सचे भोंगे. विजूला मी दरवर्षीप्रमाणे म्हटलं की मी आयुष्यात एक दगड उचलला नाही, ना इकडून ना तिकडून. दरवर्षी ती हसते. यंदा म्हणाली, ‘पुलावरून पाहणाऱ्याचं कपाळ फुटत नाही, भाऊ. म्हणून त्याले सारं सोपं वाटते.’ बैठकीपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मानसीचा फोन बंद लागतो. तीनदा लावून मंगेशरावांना लावला. म्हणाले, पोळ्याच्या कामाने थकली, झोपली आहे, उठली की लावायला सांगतो. आवाजात अदब होती. बरं वाटलं. फोन मात्र आला नाही.

३१ ऑगस्ट

व्याख्यान झालं. वाचनालय भरलं होतं. विनोदने हार घातला, माझी स्तुती करताना दोन-चार खोट्या पदव्याही दिल्या. मी रंगात होतो. नवा देश, खिशात काही नाही, दोन पैलवान दोन्हीकडून खांद्यावर हात टाकताहेत, आणि हा म्हणतो, मी माझ्या पायांनी चालेन. कोरिया आला, काँगो आला. कोरियाच्या तंबूपाशी टाळ्या पडल्या.

शेवटी प्रश्न. कॉलेजातली एक मुलगी उठली, हिमानी नाव. म्हणाली, ‘सर, आपण अलिप्त होतो तर काँगोत फौज काहून पाठवली? आणि हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा जगापुढे आपण धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही. यातलं अलिप्त कोणतं?’

उत्तर मला झोपेतही येतं. तीस वर्षं दिलं आहे. मी म्हटलं, बाळ, कोणाच्या गटात नसणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. प्रत्येक वेळी स्वतः बघायचं की इथे अन्याय कोणावर होतो आहे, आणि मग ठामपणे त्याच्या बाजूने बोलायचं. गटात नाही म्हणूनच तर बोलायची मोकळीक. जिथे आपण बोललो तिथे मोठे झालो. हंगेरीत कचरलो, ते आजही…

वाक्य पुरं झालं नाही. समोर विजू बसली होती बायकांच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे एकटक बघत. मी पाणी प्यायलो. विनोदला वाटलं सर भावनावश झाले, त्याने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या.

घरी येताना विजू रिक्षात बोलली. ‘हिंदीत तू बराबर शिकवत होता, भाऊ. गुटात नसणं निराळं अन् लेकरापासून अलिप्त होणं निराळं.’

उद्या पहिल्या बसने सौसर.

१ सप्टेंबर

मानसी तिथे नाही.

भैय्याजी बैठकीत बसले होते. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, ‘पोळ्याच्या आधीच निघून गेली. आम्हाले वाटलं तुमच्याच घरी असन.’ मी म्हटलं, फोनवर तर झोपली म्हणाले होते. मंगेशराव आतल्या दारात होते, खाली बघत राहिले. लेक दहा-बारा दिवसांपासून घरात नाही आणि या लोकांनी मला कळवलं नाही. आणि मी बाप असून मला कळलं नाही.

निघताना शेजारची बाई फाटकाशी आली, पदर तोंडावर धरून. म्हणाली, चांगलं झालं सर, सुटली. आम्ही भिंतीपल्याड ऐकत होतो, दोन वर्षं. एवढंच बोलून आत गेली.

सौसरच्या बस स्टँडवर बाकड्यावर बसलो. तिथूनच फोन लावला. विजूला सांगितलं, विजू, मानसी हरवली. ती म्हणाली, ‘हरवली नाही. मले माहीत आहे कुठं आहे ते. बरी आहे. तुले सांगू नको म्हणाली.’

बोरगावची बस गेली, छिंदवाड्याची गेली, पांढुर्ण्याची गेली. मी बसूनच होतो. पूर्ण बाह्या. पातेलं पडल्यावर भिंतीला टेकणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, सगळं मी याच वहीत माझ्या हाताने लिहिलं, आणि शेजारी डास लिहिले.

१४ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. विजू पत्ता सांगत नाही. मी विचारायचं सोडलं आहे. हक्काने विचारावं असं तोंड कुठे आहे. विनोद व्याख्यान छापायचं म्हणतो. नाही म्हणून सांगितलं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. विजूने पाट मांडला, ओवाळलं. मी ताटात साडीची पिशवी ठेवली. तिने ती बाजूला सरकवली. तबक हातातच होतं, निरांजन तेवत होतं. म्हणाली, ‘साडी राहू दे, यंदा मीच तुले देतो काही. बोलले मी तिच्याशी. येऊ दे म्हणाली एकदा. मुलताईले आहे.’

मला रडू कोसळलं. ओवाळताना रडू नये म्हणतात. विजूने पदराने माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, आणि तिचंही नाक लाल झालं.

९ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने मुलताईला गेलो. शेतावरची संत्री घेतली, पहिला तोडा. तिगाव स्टेशन गेलं तेव्हापासून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आयुष्यभर बोलून पोट भरलं आणि एक वाक्य जुळेना.

मागच्या गल्लीत एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर तुळस. दार तिनेच उघडलं. थंडी पडली आहे, तरी तिने अर्ध्या बाह्यांचा कुडता घातला होता. मी आधी हातच बघितले. गोरे, मोकळे. डाव्या कोपरावर एक जुना डाग.

तिने बसायला खुर्ची दिली आणि पाण्याचा ग्लास ताटलीत ठेवून आणला. आमच्या घरी ताटलीत पाणी पाहुण्याला देतात. लहानपणापासून ती माझ्याच तांब्यातून प्यायची, उष्टं-खरकटं काही नाही. मी तो ग्लास धरून बसलो.

ती इथल्या एका शाळेत शिकवते. इतिहासच. हिंदीतून. मुलं वात्रट आहेत पण बरी आहेत. घरमालकीण चांगली आहे. सगळं ती नीट, एकेक करून सांगत होती, कोणी तपासणीला आल्यावर सांगावं तसं. मी म्हटलं, मग आता वर्गात काय चाललं आहे? म्हणाली, ‘गुटनिरपेक्ष. तोच शब्द बरा, बाबा.’

मग मी कसंबसं विचारलं, हातावर काय झालं होतं. जुलैत विचारायचं ते नोव्हेंबरात विचारलं. तिने कोपर दुसऱ्या हाताने झाकलं.

‘तुम्ही म्हटलं होतं नं, टाळी एका हाताने वाजत नाही. खरं आहे. पण थापड वाजते.’

आवाज चढला नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर मी पाय धरले असते. मी म्हटलं, बेटा, घरी चल. तुझं घर आहे ते. आपल्या तंबूला तिसरं दार आहे, तुला ठाऊक आहे. बोलता बोलता मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही.

तीही रडली. डोळे पुसले, संत्र्याची पिशवी मांडीवर घेतली, एकेक संत्रं काढून टोपलीत ठेवत राहिली. म्हणाली, ‘त्या दिवशी मी बॅग भरायला आत गेले नं, मुद्दाम हळू भरली. भरलेली परत काढली, पुन्हा घडी घातली. दार उघडं ठेवलं होतं. वाटलं, तुम्ही आत येसान. काही बोलले नसते तरी चाललं असतं. नुसतं येऊन पलंगावर बसले असते नं, बाबा, तरी मी गेली नसती.’

मी आवर बेटा म्हटलं होतं.

‘तुमच्यावर राग नाही आहे माझा,’ ती म्हणाली. ‘होता, तेव्हा बरं होतं. आता काहीच वाटत नाही. म्हणून बोलावलं नव्हतं.’

तिने जेवायला वाढलं. मेथीची भाजी होती, उर्मिला करायची तशी, लसूण जास्त. छान झाली म्हटलं. तिने अजून वाढली. आत्याच्या, शेजाऱ्यांच्या चौकशा झाल्या. घटस्फोटाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी येतो म्हटलं, साक्ष देतो, सगळ्यांसमोर सांगतो. म्हणाली, वकीलबाई आहेत, चांगल्या आहेत, होऊन जाईल.

तीनच्या सुमारास उठलो. ओट्यावर बसून चप्पल घातली. पट्टा लावला, सोडला, परत लावला. दुसऱ्या पायाचं तसंच. पायाला काही झालं नव्हतं. मी हळू घालत होतो. दार उघडं होतं आणि ती चौकटीला टेकून उभी होती, मी तिच्या पायांकडे बघत होतो, ते एक पाऊल पुढे येतात का म्हणून.

‘आवरा, बाबा,’ ती म्हणाली, अगदी मायेने म्हणाली. ‘गाडी चुकन.’